हळदीच्या दिवशीचा व्हिडिओ गेम

कॉलेजच्या लॅबमध्ये कुणाचा तरी अडॅप्टर तापला, आणि त्या जळक्या प्लास्टिकच्या वासानं मला परतूरचं आमचं घर आठवलं; तिथल्या व्हिडिओ गेमचा अडॅप्टरही असाच तापायचा. मुलं म्हणत होती, जुना कॅसेटवाला व्हिडिओ गेमच भारी होता. मला तसं ठामपणे म्हणता येत नाही.

आमच्याकडचा दादासाठी आणलेला होता. ताईनं रिमोट हातात घेतला की लगेच तिला स्वयंपाकघरातून हाक यायची. पण हळद लागलेल्या नवरीला आमच्यात कुणी काम सांगत नाही. त्या दुपारी ताई पहिल्यांदाच निवांत टीव्हीपुढं बसली आणि पिवळ्या बोटांनी एकेक किल्ला पार करू लागली.

"नवरीबाई, सासरीबी हेच खेळणार का?" आत्या हसली.

"शेवटी काय हाये ते बघून राह्यले, आत्या. आज बघतेच."

शेवटच्या किल्ल्याच्या दारात ती पोचली आणि लाईट गेली. परत आली तेव्हा पडद्यावर पहिलाच किल्ला होता. खेळलेलं काहीच त्या यंत्रात राहत नसे.

"आता पुन्हा पहिल्यापासून?" ताईनं मला विचारलं.

"हौ."

"मंग ऱ्हाऊ दे."

आज कुणी त्या गेमचं कौतुक केलं की मला तिचा तो खाली ठेवलेला रिमोट दिसतो.

पुढं मी एकटीनं खेळून शेवट पाहिला. दिवाळीला ताई माहेरी आली, तशी सांगायला धावले.

"ताई, शेवटी काय हाये माहितेय?"

कणीक मळता मळता तिनं वर पाहिलं.

"कशाच्या शेवटी गं?"