उन्हाचं मलम

अक्काला ऊन वर्ज्य होतं. माझी ही मोठी बहीण ऐन तारुण्यात असताना तिच्या गालांवर लाल चट्टे उठले, सांधे धरले आणि डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार आता जन्माचा सोबती. घरातसुद्धा तोंडाला, गळ्याला आणि कोपरापर्यंत हातांना ऊन अडवणारं मलम लावल्याशिवाय खिडकीजवळ बसायचं नाही. नव्वदच्या दशकात बेंगळुरूच्या हवेचं कोण कौतुक चाललेलं, आणि आमच्याकडे भर दुपारी पडदे ओढलेले. रोग लागट नव्हता. तरी शेजारणी तिच्या हातून हळदीकुंकू घेईनाशा झाल्या. एकीनं तर तिच्या मांडीवरून आपलं बाळ उचलून नेलं. त्या बाईचा मला अजून राग येतो.

आमचा थोरला भाऊ, अण्णा, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होता. यंत्रं बसवायला मद्रासला जायचा. अक्कानं कधी समुद्र पाहिला नव्हता आणि आता पाहणारही नव्हती, म्हणून तो येताना प्लास्टिकच्या कॅनमधून खारं पाणी आणू लागला. मग काचेची टाकी आली, दोन नारिंगी मासे आले आणि एक समुद्रफूल. फूल नावालाच, तो एक प्राणी. दगडाला चिकटून बसायचा आणि मऊ सोंडा पाण्यात हलवत राहायचा. अण्णा सोडून घरात समुद्र कुणी पाहिला नव्हता, पण टाकी कशी ठेवावी याबद्दल मत प्रत्येकाला होतं.

अक्कानं पहिल्यांदा बोट पुढं केलं तेव्हा त्या सोंडा बोटाला चिकटल्या.

"अगं, यानं मला धरलं गं," म्हणाली आणि रडायलाच लागली.

त्या दिवसापासून टाकीचं सगळं तीच बघायची. कोळंबीचा तुकडा भरवायची, काच पुसायची, आणि काही काम नसलं तरी हात आत.

थोड्याच दिवसांत फूल आक्रसायला लागलं. रंगही उतरला. टाकी घाण झाली असेल म्हणून अक्का रोज कोपरापर्यंत हात घालून काच पुसू लागली, तर ते आणखीच मिटलं. शेवटी अण्णानं ट्यूबच्या उजेडात वाकून पाणी पाहिलं. वर तवंग होता. कारखान्यात दिवसभर तेलात हात असलेला माणूस तो. त्यानं बोट बुडवून हुंगलं.

"तुझं मलम आहे गं हे. स्वल्प दिवस हात घालू नकोस, मी करतो सगळं."

त्यानं रबरी हातमोजेही आणून दिले. तिनं एकदाच घातले आणि काढून टाकले.

"यातून मला काय कळणार, अण्णा?"

मग तिनं उजव्या हाताला मलम लावणंच सोडलं. हात लाल झाला, सोलवटला, डॉक्टर खवळले. ती कुणाचं ऐकेना. अण्णानं दोनदा सगळं पाणी बदललं, पण फूल उमललं नाही. मासेही तळाशी जाऊन बसले आणि एकामागून एक गेले.

आता ऐकते की लोक असली मलमं अंगभर फासून समुद्रात उतरतात आणि ती रसायनं माशांच्या, प्रवाळांच्या अंगात सापडतात. ऐकून संताप येतो. पण संतापायचं कुणावर? आमच्या घरी पाण्यात विष कालवणारा हात अक्काचा होता, आणि तिच्याइतका जीव त्या फुलाला कुणी लावला नव्हता.

एका सकाळी ते दगडावरून सुटून पाण्यावर तरंगत होतं. अण्णानं ते वाटीत काढलं आणि टाकीतला समुद्र बादलीबादलीनं मोरीत ओतला. अक्का बघत उभी होती, रडली मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी ती आरशासमोर बसली. तोंडाला, गळ्याला, डाव्या हाताला मलम लावलं. मग सोललेल्या उजव्या हातालाही, अगदी कोपरापर्यंत, सावकाश चोळून लावलं.

"बरं केलंस," अण्णा म्हणाला.

"हो," अक्का म्हणाली. "आता हा हात लागायचाय कुणाला."