आमची वाडी कोणती?

माझ्या पुण्याच्या बहिणीला अजून वाटतं, वाडी म्हणजे लहानसं गाव. कितीदा सांगितलं, बाई गं, इथे कोकणात, आचऱ्याकडे गाव एकच, वाड्या त्याच्या पोटात. गावात जमीन असली की माणूस गावचा होतो. वाडीचा व्हायला शेजार लागतो.

हे शहाणपण मला घर बांधल्यावर आलं. यजमानांच्या वाटणीची जागा व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याच्या काठी, वरची वाडी संपून खालची सुरू होते त्या मधल्या तुकड्यात. नोकरी संपवून आम्ही तिथे राहायला आलो आणि त्याच वर्षी गणपती आणला. चतुर्थीत इथे वाडीतली माणसं मृदंग-झांजा घेऊन आपल्या वाडीत घरोघर भजन करतात. भजनाला येणाऱ्यांसाठी यजमानांनी स्वतः उभं राहून काळ्या वाटाण्याची टोपभर उसळ केली. वाटेकडे डोळे लावून बसलो. वर भजन ऐकू आलं, खाली ऐकू आलं. आमच्याकडे काळं कुत्रंही फिरकलं नाही. "नाय इले तर नाय," म्हणत यजमानांनी नवा सदरा काढून ठेवला. मला त्यांची दया आली आणि गावाचा भयंकर राग.

सकाळी तशीच तणतणत खालच्या वाडीत गेले. पहिल्याच घरातली बाई तुळशीला पाणी घालत होती.

"आमच्याकडे कोण कसे इले नाय?"

"अगो बाय, तुमी वरच्या वाडीचे मां?" तिने कपाळावर हात मारला. "आणि वरच्यांका वाटला आसतला, तुमी आमचे!"

"मगे ठरवा कायता. कालपासून आमी दोघांच उसळ खातंव."

ती इतकी हसली की तांब्यातलं पाणी तिच्याच पायांवर सांडलं.

संध्याकाळी खालची माणसं आली. उसळ पुन्हा शिजवली होती, तिचा टोप खरवडून संपला. आरतीला यजमानांनी असा आवाज लावला की मृदंगवाल्याचा ताल चुकला. मंडळी निघाली तसे आम्ही निरोप द्यायला दारात उभे राहिलो.

"उभे काय रवलात?" भजनीबुवा म्हणाले. "चपला घाला. फुडच्या घराक जावचा आसा."

पुढचं घर त्याच बाईचं. सगळे अंगणात शिरलो तशी ती आत वळून ओरडली, "चटये घाला गो, वाडी इली!"

यजमान वळून मागे बघायला लागले, कोण आलं म्हणून. मी त्यांना कोपराने ढोसलं.

"अहो, आपणच."