डॅशबोर्डवरचा गणपती

त्या दसऱ्यानंतर बडोद्याच्या दांडिया बाजारात एक कुजबूज फिरली: शितोळ्यांच्या सुनेने सासऱ्यांनी बसवलेला गणपती गाडीतून उचकटून काढला. सकाळी दुधाच्या पिशव्यांबरोबर ही बातमी बाहेर पडली आणि दुपारच्या चहापर्यंत तिला हातपाय फुटले. कोणी म्हणालं, सून औषधांच्या कंपनीत आहे, तिचा कसला देवाधर्मावर विश्वास! कोणी म्हणालं, सासऱ्यांशी वाजलं, राग बाप्पावर काढला. समोरच्या रखमाबाईंनी तर प्रत्यक्ष पाहिलं होतं. संयोगिता टॉवेलात गुंडाळलेली मूर्ती घेऊन गाडीजवळून तरातरा घरात गेली. आणि रखमाबाईंनी पाहिलं म्हणजे पाहिलंच. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना समोरच्यांच्या आमटीतला कढीपत्तासुद्धा दिसतो.

आता ही संयोगिता कोण, ते ऐका. शितोळे म्हणजे जुने फौजी घराणे. पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. घोडे गेले, पण तिच्या सासऱ्यांच्या, जयवंतरावांच्या, मिशीचा पीळ गेला नाही. मुलगा अनुज, म्हणजे संयोगिताचा नवरा, रेल्वेत, स्वभावाने इतका गरीब की गाडी मागे घेतानाही हॉर्नऐवजी मनातल्या मनात माफी मागेल. म्हणून घरात गाडी चालवते ती संयोगिताच. माहेर वासणा भागातलं, बोलायला कमी, पण एकदा बोलली की समोरचा खुर्ची शोधतो. औषधांच्या कारखान्यात तिचं काम असं, की बाजारात गेलेल्या एखाद्या बॅचमध्ये खोट सापडली, तर त्या बॅचची प्रत्येक बाटली परत बोलवायची. कोणत्या दुकानात गेली, कोणाच्या कपाटात आहे, शोधायची आणि आणायची.

जयवंतरावांचे गुडघे गेले. बसने जाणं जमेना, आणि त्यांना जेजुरीला जायचं होतं. कुलदैवताचं दर्शन राहिलंय, हा घोष वर्षभर चालू. म्हणून समा भागातल्या मयंकभाईंकडून त्यांची जुनी पांढरी गाडी घेतली. दसऱ्याला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, सगळं यथासांग. आणि जयवंतरावांनी स्वतःच्या हाताने संगमरवरी गणपती चिकटवला. कुठे? तर डाव्या बाजूला, आपल्या बसायच्या जागेसमोर, नेमका ‘एअरबॅग’ ही अक्षरं झाकून.

‘‘बाबा, तिथे नको,’’ संयोगिता म्हणाली.

‘‘का? बाप्पाला उजवी-डावी बाजू असते का?’’

‘‘बाप्पाला नाही. त्याच्या खालच्या पिशवीला असते. ती फुगली तर बाप्पा थेट तुमच्या तोंडावर येतील.’’

‘‘येऊ देत! दर्शनाला जातोय, दर्शन वाटेतच होईल!’’ आणि म्हातारा खो खो हसला.

ती हसली नाही. रात्रीची भांडी झाल्यावर तिने आरसी बुक काढलं, त्यातला चासी नंबर गाडीच्या कंपनीच्या साइटवर टाकला. कारखान्यातली सवय, दुसरं काय. उत्तर आलं: ही गाडी परत बोलावलेल्यांपैकी आहे. पुढच्या डाव्या एअरबॅगचा फुगवणारा भाग सदोष, बदलायचा बाकी. तो भाग फुटला तर पत्र्याचे तुकडे सुटू शकतात.

तिने मयंकभाईंना फोन लावला. ‘‘हां बेन, कंपनीवाळानो फोन आवेलो,’’ ते मोकळेपणाने म्हणाले, ‘‘पण त्यारे तो गाडी वेचवानी वात चालती हती. मने थयुं, नवा मालिकने पण करशे.’’ गाडी विकायची बोलणी चालू होती, म्हणून त्यांना वाटलं, कंपनी नव्या मालकालाही फोन करेल. नव्या मालकाला मात्र कोणीच फोन केला नव्हता. कंपनीच्या दप्तरी अजून मयंकभाईच मालक होते.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधल्या पीयूषने सांगितलं, काम फुकट होईल, पार्ट मागवतो, तोवर डाव्या सीटवर कोणी बसू नका. आणि मग घसा साफ करून म्हणाला, ‘‘बेन, मूर्तीने अमे हाथ नहीं लगाडीए. तमे घेरथी काढीने आवजो.’’

मूर्तीला ते हात लावणार नाहीत, घरूनच काढून आणायची! झालं. घरात महाभारत. खरं तर कौरव एकच होते, पण पुरेसे होते.

‘‘दसऱ्याला बसवलेला देव मी उठवू? लोक काय म्हणतील?’’

‘‘लोक तुमच्या सीटवर बसणार नाहीत, बाबा. तुम्ही बसणार.’’

‘‘मी मागे बसेन.’’

‘‘मागे तुमचे गुडघे मावत नाहीत. आणि पुढे उद्या अनुज बसेल, परवा पूर्वी बसेल.’’ पूर्वी म्हणजे त्यांची नात, आजोबांचा जीव.

जयवंतराव मिशी चावत राहिले. ‘‘बाप्पा राखतील.’’

‘‘राखतीलच. पण आम्ही कारखान्यात खोट असलेली बाटली बाजारात ठेवून देवावर भार टाकत नाही. बोलावून घेतो. पार्ट आला आणि मूर्ती निघाली नाही, तर जेजुरी नाही. मी गाडी काढणार नाही.’’

अनुज या सगळ्या वेळात इस्त्री करत होता. एकच शर्ट. तीनदा.

मग त्या सकाळी रखमाबाईंनी जे पाहायचं ते पाहिलं, आणि गल्लीने जे बोलायचं ते बोललं. संयोगिता भाजीला जायची, तेव्हा बायका गप्प व्हायच्या. अहल्याबाईंनी तर तोंडावर विचारलं, ‘‘काय गं, बाप्पाला घराबाहेरच काढलंस म्हणे?’’ ‘‘घरात आणलंय, काकू. देवघरात आहेत. या दर्शनाला,’’ एवढं बोलून ती भेंडी निवडायला लागली. दुसरी कोणी असती तर चारचौघांत पदर खोचला असता. हिने वर एक शब्दही खर्चला नाही.

पार्ट बसला. पीयूषने जुना भाग दाखवला, तो जयवंतरावांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला. दिवाळीनंतर सगळे जेजुरीला गेले. घाटातून संयोगिताने अशी गाडी चालवली, की जयवंतराव परतल्यावर ओट्यावर सगळ्यांना सांगत सुटले, ‘‘आमच्या घराण्यात घोडदळ संपलं असं कोण म्हणतं?’’

आणि रखमाबाई? त्या एका संध्याकाळी पदराखाली आरसी बुक लपवून शितोळ्यांकडे शिरल्या. ‘‘आमच्या तन्मयने जुनी गाडी घेतलीय गं. जरा नंबर टाकून बघतेस?’’ संयोगिताने बघितलं. काही निघालं नाही. रखमाबाईंचा चेहरा पडला. सांगायला काहीतरी हवं होतं बिचारीला.

आज गल्लीत जुनी गाडी आली की हाराच्याही आधी नंबर शितोळ्यांकडे जातो. आम्ही बडोद्याची माणसं मिरवायला कमी करत नाही. हिच्याबद्दल मिरवताना मात्र मला वाढवून सांगावं लागत नाही.

राहिली ती कुजबूज. मूर्ती संयोगिताने काढली नव्हती, हे मला फार नंतर जयवंतरावांनीच सांगितलं. सकाळी गल्ली उठण्याआधी जयवंतराव एकटेच गाडीत बसले आणि उत्तरायणातल्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, उरलेल्या मांजाने करवतीसारखं घासून त्यांनीच ती सोडवली. त्यात त्यांचं बोट कापलं. मग त्यांनी सुनेला हाक मारली, मूर्ती टॉवेलात गुंडाळून तिच्या हाती दिली आणि हे कोणाला सांगू नकोस म्हणाले. तिने सांगितलं नाही.