गीझरवाले साळवे

साळवे घरी आले की हत्यारांची पिशवी दाराशीच ठेवीत, "जय भीम, गुरुजी," म्हणत आणि पाटावर बसून एखाद्या वैद्याप्रमाणे विचारपूस आरंभीत. यंत्राला हात लावण्याची त्यांना कधीच घाई नसे. "आधी माणसांस्नी बोलू द्या. मशीन कुठं पळून जातंय?" हे त्यांचे ठरलेले वाक्य.

साळव्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. सत्तरच्या दशकात मुलुंडच्या आमच्या इमारतीत गॅसचे गीझर आले, त्या वेळची ही गोष्ट. त्यांना टाकी नसे. नळ सोडला की आत ज्वाळा फुलावी आणि वाहते पाणीच तापून यावे. मी शाळेत संस्कृत शिकवणारा, प्रातःस्नान आणि संध्या चुकू न देणारा. मला त्या निळ्या ज्वाळेत अग्निदेवतेचे दर्शन घडे. साळवे म्हणत, "तुमचा देव बरोबर हाय, गुरुजी. पण त्याचं नाक साफ ठेवावं लागतं."

भांडुपचा त्यांचा कारखाना बंद पडला, तेव्हा हीच विद्या त्यांनी पोटासाठी धरली. सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई त्यांना म्हणाले, "पहिला गुरुजींचा गीझर साफ करून दाखव. नीट झाला तर बाराही घरांचं काम तुझं." घरी तीन मुली शिकत होत्या; ते काम साळव्यांना मिळायलाच हवे होते.

गौरी आठवड्यावर आल्या होत्या. साळव्यांनी आमचा गीझर उतरवला, तांब्याच्या नळीतला क्षार धुऊन काढला, बारीक छिद्रांचा पितळेचा बर्नर मागच्या गॅलरीत वाळत ठेवला आणि ते जेवायला गेले. माझी आई, जिला सारे माई म्हणत, तेथेच सणाची तांब्यापितळेची भांडी घासत बसली होती. तिने बर्नरही पुढे ओढला आणि चिंच व राख लावून समईसारखा लखलखीत केला. मी आरामखुर्चीतून पाहिले आणि कौतुकाने हसलो. परतल्यावर साळवेही त्या तेजाला भुलले आणि त्यांनी तो तसाच बसवला. तोवर नळाचे पाणी गेले होते. म्हणून पेटवून पाहणे दुसऱ्या दिवसावर पडले.

सकाळी पाणी आले. शहाभाईही पाहायला आले. साळव्यांनी नळ सोडला. ज्वाळा पिवळी होऊन फडफडली आणि विझली. पुन्हा सोडला, पुन्हा तेच.

"काय रे साळवे! चालू होता तो सर्व्हिसिंग करून बंद पाडला? वाट लागली ना! मी दुसरा माणूस बघतो," शहाभाई कडाडले.

साळव्यांनी गॅस बंद करून खिडकी उघडली. पाण्याची जाळी पाहिली, ती स्वच्छ होती. पाण्याचा जोरही पुरेसा होता. मग त्यांनी बर्नर काढून वर्तमानपत्रावर आपटला. करड्या रंगाची भुकटी पडली. ती बोटांत चुरून त्यांनी हुंगली, गॅलरीत मांडलेल्या लखलखत्या घागरींकडे एकदा पाहिले आणि मान खाली घातली. मला सर्व उमगले होते. परंतु प्रश्न आईचा होता आणि माझी जीभ उचलेना.

"चूक माझी, शेठ," साळवे म्हणाले. "फुंकर न मारता बसवला."

"थांबा हो शहाभाई!" माई पदराला हात पुसत पुढे आली. "ती राख माझी. मीच घासला तो. मेला काळाकुट्ट दिसत होता!" मग साळव्यांकडे वळून म्हणाली, "आणि तू रे, तुझं काय तोंड शिवलं होतं?"

"माई, पण घासलात झकास! आमच्या घरात असं कुणाला जमत न्हाय."

शहाभाईंना हसता हसता भिंतीचा आधार घ्यावा लागला. "घरी जाऊन आधी बायकोला सांगतो, बर्नरला हात नाय लावायचा! उद्यापासून लाग कामाला, साळवे."

ते गेल्यावर साळव्यांनी सुईने एकेक छिद्र मोकळे केले, फुंकर मारली आणि बर्नर बसवला. ज्वाळा निळी, निश्चल फुलली. मी जवळ जाऊन म्हणालो, "साळवे, काल माईला घासताना मी पाहिले होते. मघाशी मीच बोलायला हवे होते."

पिशवी आवरता आवरता ते हसले.

"आता बोललात न्हवं? झालं तर मग. पाणी जाईल, गुरुजी. आंघोळ उरकून घ्या."