काशीला आंबा, रोमला वाईन

माझे धाकटे दीर विमान कंपनीत लागले आणि आमच्या सासूबाईंच्या अंगात भक्ती संचारली. त्याआधी वाशीतल्या आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावरच्या मारुतीला जायचं म्हटलं तरी त्यांचे गुडघे धरायचे. पण नोकरीतल्या माणसाच्या आईवडिलांना विमानाचं तिकीट जवळजवळ फुकट मिळतं हे कळलं मात्र, गुडघे ठणठणीत झाले. असा गुण कुठल्या डॉक्टरच्या औषधाला आलेला मी पाहिलेला नाही.

सुरुवात रीतसर काशीपासून झाली. काशीला गेलं की आपल्या आवडीचं काहीतरी तिथे सोडायचं, म्हणजे पुन्हा जन्मात तोंडात घालायचं नाही, ही आपल्याकडची रीत. आता आवडीचं सोडायचं म्हटल्यावर माणूस जरा विचार करतो. सासूबाईंनीही केला असणार, कारण त्यांनी मुळा सोडला. घरात मुळा चिरला तरी ज्या बाईला मळमळायचं, तिने गंगेत उभं राहून, हातात पाणी घेऊन मुळा सोडला.

सासरे मात्र भोळे. त्यांनी हापूस सोडला. कोकणात त्यांच्या हातची दोन कलमं होती आणि मे महिन्यात तिकडून एसटीने पेट्या यायच्या. काशीहून आल्यानंतरही ते आंबे पलंगाखाली पेंढ्यात लावायचे, रोज सकाळी एकेक उचलून देठाशी वास घ्यायचे आणि तयार झालेला माझ्या हातात द्यायचे. स्वतः फोडसुद्धा खायचे नाहीत. मला बघवत नसे. सासूबाई म्हणायच्या, “यांना मेलं व्यवहाराचं ज्ञानच नाही. मी कानात सांगत होते, दोडका म्हणा, दोडका म्हणा.”

एकदा तोंडाला रक्त लागल्यावर त्या थोड्याच थांबणार. काठमांडू झालं, तिथे याकचं दूध सोडलं. श्रीलंकेत बुद्धाच्या दाताचं देऊळ पाहिलं आणि आमच्यासारख्या शाकाहारी घरातल्या बाईने तिथे सुकी मासळी सोडली. मग रोम. मी म्हटलं, “आई, ते ख्रिश्चनांचं आहे.” त्यावर म्हणाल्या, “देव तो देव. पत्ता बदलला म्हणून काय झालं?” तिथल्या त्या अवाढव्य चर्चला त्यांनी आतून अनवाणी प्रदक्षिणा घातली, चपला पिशवीत घालून. आणि सोडली काय, तर वाईन.

घरी आल्यावर यात्रा पार पडल्याचं जेवण, म्हणजे मावंदं व्हायचं. काशीयात्रेचं मावंदं असतं, रोमचं कुणी ऐकलंय? आमच्याकडे झालं. रोमहून औषधाच्या बाटलीत आणलेलं पाणी चौरंगावर, त्याला हळदकुंकू, आणि सोसायटीतल्या बायका रोमहून आलेल्या बाईच्या पाया पडतायत. आत पुरणाला कोण, तर मी. त्या काळात वाशीला नळ तासभर यायचा आणि पंगतीत अख्खी बिल्डिंग. ऑफिसातली माझी सगळी रजा त्यांच्या पुण्यात खर्च झाली. पुण्यातला वाटा कुणी देऊ केला नाही.

पुढचा नंबर जपानचा होता. क्योतो नावाच्या शहरात गल्लोगल्ली देवळं आहेत म्हणे. हे क्योतो त्यांच्या डोक्यातून जाईना. भाजी निवडताना क्योतो, पोळ्या लाटताना क्योतो. शेवटी मी वैतागून विचारलं, “आई, एवढं काय हो तुम्हाला देवाचं?” त्या शेंगा सोलायच्या थांबल्या. म्हणाल्या, “खरं सांगू? देवाचं तेवढं नाही गं. लग्न झाल्यापासून कुणी ना कुणी माझ्याकडे काहीतरी मागतंय. विमान वर गेलं की मी मागते. पाणी द्या म्हटलं की लगेच पाणी देतात.” मग पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

त्या मे महिन्यात सासऱ्यांना मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. पेज नको, मऊ भात नको, मोसंबीचा रस तोंडाला लावून बाजूला. माणूस गादीला चिकटला. डॉक्टर म्हणाले, “आवडीचं काहीही द्या, पण पोटात जाऊ दे. नाहीतर कठीण आहे.” आवडीचं काय ते पलंगाखालीच घमघमत होतं. मी फोडी करून नेल्या, त्यांच्या मुलांनी विनवण्या केल्या. सासरे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “काशीला सोडलाय.”

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला रजा टाकायला लावली. पनवेलकडची एसटी धरून आम्ही खांदेश्वरच्या महादेवाला गेलो. फाट्यावर उतरून देवळापर्यंत उन्हातून चालत. रोम बघून आलेली बाई डोक्यावर पदर घेऊन धुळीतून चालली होती, आणि माझी जीभ वळवळत होती. “काशीचं खातं इथे चालतं का हो?” असं मी विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, “महादेव एकच. तेवढं त्याला कळत नसेल तर कसला देव?”

तळ्यावर पाय धुऊन आम्ही आत गेलो. गाभाऱ्यात आम्ही दोघीच होतो. त्यांनी उजव्या हातात पाणी घेतलं आणि अगदी हिशेबी, भाजीवाल्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, “त्यांचा आंबा परत दे. बदल्यात मी प्रवास सोडला. आता कुठे जाणार नाही, क्योतोलासुद्धा नाही.” आणि पाणी सोडलं.

मी म्हटलं, “आई, दुसरं काहीतरी सोडा ना. मी सांगते, वांगं सोडा, भेंडी सोडा.” त्या म्हणाल्या, “गप गं. यावेळी आवडीचंच सोडायला हवं.” परतीच्या एसटीत मी त्यांना खिडकीची जागा दिली, पण त्या काही बाहेर बघत नव्हत्या.

घरी येऊन त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, “गुरवाला विचारून आले. आजारी माणसाला दोष नाही म्हणाला. खा.” गुरव तिथे नव्हताच. सासऱ्यांनी कधी बायकोच्या शब्दावर संशय घेतला नव्हता, तेव्हाही घेतला नाही. पहिली फोड त्यांनी कितीतरी वेळ तोंडात नुसती धरून ठेवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग दुसरी खाल्ली. संध्याकाळी आपण होऊन भात मागितला.

ते हिंडूफिरू लागले तेव्हा दीर जपानची तिकिटं काढायची म्हणून आले. मी, जी सासूबाईंच्या प्रत्येक यात्रेच्या नावाने बोटं मोडत आले, तीच म्हणाले, “जा हो आई, मी बघते घरचं.” सासूबाई म्हणाल्या, “नको. विमानात माझे पाय सुजतात.” दीरांनी दोनदा विचारलं आणि मग नाद सोडला.

पुढच्या मे महिन्यात सासरे दुपारी जेवायला बसले होते. खुशीत होते. म्हणाले, “बघ, घरात बसायला आवडायला लागलं की नाही तुला शेवटी? उगाच जगभर तंगडतोड करत होतीस.”

“हो ना,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात आणखी एक फोड वाढली.