बिनमोरीचं घर

नवेगाव बांधचं नववी नापास पोरगं पोलंडला पोचतं कसं, असं बरेच जण मेसेज करून विचारतात. सोपं आहे. नागपुरात मी भिंतींना पुट्टी मारायचं काम शिकलो, पण एका जागी वर्षभर कधी टिकलो नाही. पाय खाजतात माझे. सौंदडचे किसनभाऊ तीन वर्षांपासून पोलंडात बांधकामावर होते. त्यांनी फोनवर म्हटलं, "येतं का बे? तुया हात चांगला चालते, तोंड तेवढं कमी चालव." मी पासपोर्ट काढला.

रस्ता सांगतो. सौंदडहून पॅसेंजरने गोंदिया, गोंदियाहून नागपूर, नागपूरहून विमान. दोहाला विमान बदललं, वॉर्साला उतरलो आणि तिथून दोन तास बस. बसचं तिकीट फोनवर आधीच काढा, ऐनवेळी महाग पडतं. मायनं दिलेले मुरमुरे आणि लसणाची चटणी मला वॉर्सापर्यंत पुरली. विमानात मिळतं ते जेवण नव्हे, जेवणाचं चित्र.

आमचं घर चौथ्या मजल्यावर. कंपनीने भाड्याने घेतलेलं, राहायला किसनभाऊ आणि मी. पहिल्याच सकाळी आंघोळीला गेलो तर आत मोठा पांढरा टब. आपल्याच मळाच्या पाण्यात बसून राहणं मला पटलं नाही. बादली भरली, टबाच्या बाजूला फरशीवर बसलो आणि मग्ग्याने मस्त डोक्यावर पाणी घेतलं. उठल्यावर पाहतो तर पाणी जाग्यावरच. कोपरे शोधले, दारामागे शोधलं. पाणी जायला मोरी कुठेच नाही! वाटलं, वाळेल आपोआप.

दहा मिनिटांत दार धडधडलं. बाहेर सत्तरीच्या मारियाबाई, आमच्या खालच्या घरात एकट्या राहणाऱ्या. तिकडे बाईला मानाने 'पानी' म्हणतात, हे मला त्याच दिवशी कळलं, आणि हसायची सोय नव्हती. त्यांनी फोनमध्ये काहीतरी म्हटलं आणि फोन हिंदीत बोलला, "मेरे ऊपर आपका पानी आ रहा है."

संध्याकाळी घरमालकाचा कागद आला. पुन्हा खाली पाणी गेलं तर घर रिकामं करा. कंपनीने वरून सांगितलं, स्वतःच्या चुकीनं घर गेलं तर दुसरं मिळणार नाही, गावी जा. किसनभाऊंचं कामाचं परमिट दिवाळीनंतर वाढायचं होतं. ते माझ्यावर असे भडकले की विचारू नका. "टबात बसून आंघोळ कराले तुले काय जड जाते? ढोरं नाही का तरावात बसत?"

जाणाऱ्यांनी लिहून घ्या: आंघोळ टबातच, पडदा आत घेऊन. फोडणीआधी खिडकी उघडा, कारण छताला धुराची डबी असते आणि मिरचीला ती फार घाबरते. आमची डबी पहिल्या महिन्यात पाच वेळा बोंबलली. वरणभात करायला तांदूळ पोलिश दुकानातला चालतो, फक्त पिशवीसकट शिजवायचा मिळतो तो नका घेऊ. आपल्याकडच्या माणसाला तो भात वाटतच नाही.

दिवाळीआधीच्या रविवारी मी बाजारात गेलो होतो. परत आलो तर किसनभाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, झाडू घेऊन, घोटाभर पाण्यात आनंदाने उभे. बाजूला तीन रिकाम्या बादल्या.

"भाऊ, हे काय?"

"दिवाळी आहे बे. घर धुऊन रायलो."

सौंदडला त्यांच्या फरशीच्या घरात हेच करतात. बादल्या ओतायच्या आणि मागच्या दाराने सगळं पाणी अंगणात झाडून काढायचं. बोलता बोलता त्यांचा हात थांबला. त्यांनी समोरच्या दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे.

"पानी कुठी काढू बे?"

पाणी वाट पाहत नव्हतं. लाकडी फळ्यांच्या फटींतून ते गेलंसुद्धा. टॉवेल, चादरी, माझं जॅकेट, सगळं खाली टाकलं. मला शिव्या देणारा माणूस जमिनीवर बसून चादर पिळत होता आणि पुटपुटत होता, "गेलं परमिट. गेलं."

ह्या वेळी दार वाजायच्या आधी आम्हीच खाली गेलो. मारियाबाईंच्या स्वयंपाकघराच्या छतावर सुपाएवढा पिवळा डाग, आणि टेबलावर लाटलेल्या कणकेवर टपटप. मी फोनमध्ये बोललो, हे काम मला येतं, मी नीट करून देतो. त्यांनी ऐकलं. मग त्यांचा फोन म्हणाला, "पहले मेज पकड़ो."

पण ओल्या छतावर पुट्टी मारता येत नाही, पोपडे धरतात. पंधरा दिवस सुकू द्यावं लागलं. त्या पंधरा दिवसांत त्यांनी मालकाला एक फोन केला असता तर संपलं होतं. जिन्यात भेटल्या की नुसते नमस्कार-चमत्कार; फोन केला की नाही, कळायला मार्ग नाही. किसनभाऊ अर्धी पोळी टाकून उठायचे. सोळाव्या दिवशी मी खरवडलं, दोन हात पुट्टी, घासकागद, मग अख्खं छत पांढरं. बाईंनी बीटाचं लाल आंबट सार वाढलं. बरं होतं.

पुढच्या आठवड्यात मालक आला. आमच्या फुगलेल्या फळ्या पाहून ओरडला आणि खाली छत बघायला गेला. आम्ही जिन्यात कान देऊन उभे. मारियाबाईंचाच आवाज येत होता, मालकाचा नाही. तो निघून गेला. घर राहिलं. परमिट वाढलं.

आता महिन्याच्या सुट्टीवर नवेगाव बांधला आलो आहे. तळ्याचे मासे खाऊन झाले. काल मायला हे सगळं सांगत होतो. ती हसेल वाटलं. ती तांदूळ निवडायची थांबली.

"मंजे तुमी तिच्या डोक्यावर चालता?"

"हौ."

"बूट घालून?"

"पहाटे पाचला ड्युटी असते, माय."

"तं थे काही म्हनत नाही?"

मी आठवून पाहिलं. पाण्याबद्दल बोलल्या होत्या. बुटांबद्दल दीड वर्षात एक शब्द नाही. आमच्या घरांखाली माती असते, तिकडे माणूस असतं, हे मला मोरीवरून कळायला हवं होतं. कळलं ते दुमजली घरात कधी न राहिलेल्या मायला.

लगेच किसनभाऊंना फोन लावला. ते नुकतेच कामावरून घरी आले होते. सगळं सांगितलं. तिकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"भाऊ?"

"थांब," ते म्हणाले. "पयले बूट काढू दे."