एकशे सव्वीस सह्या

माझं नाव मृणालिनी, राहते दादरला, स्वभाव तापट. हे आधीच सांगितलेलं बरं. गोष्ट कांताताईंची आहे, पण तिच्यात मी जे केलं ते झाकून ठेवून ती सांगता येणार नाही. आणि झाकायचं तरी कोणासाठी?

कांता तांबे आमच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या, त्याला एकतीस वर्षं झाली. बंदरात उतरलेल्या मालाची पाहणी करून विमा कंपन्यांना रिपोर्ट द्यायचा, हा आमच्या कंपनीचा धंदा. ऑफिस लोअर परळला आठव्या मजल्यावर, आणि मी तिथे अकाउंट्स बघते. एके काळी सगळ्यांची एक्स्टेन्शनं कांताताईंना तोंडपाठ होती. कोण जागेवर आहे, कोण चहाला खाली गेलंय, हेही. पुढे मोबाइल आले, टेलिफोनचा बोर्ड निघाला, आणि त्यांना रिसेप्शनच्या मागे एक टेबल देऊन बसवलं. कुरिअर घ्यायचं, पाण्याचे जार मागवायचे, एसीवाल्याच्या मागे लागायचं. दिवसभरात काम तासाभराचं. तरी बाई साडेनवाच्या ठोक्याला हजर. रजा घेतील तर शपथ. मी एकदा वैतागून म्हटलंसुद्धा, रजा काय लोणच्यासारख्या मुरवत ठेवल्यात का?

त्या हसल्या आणि म्हणाल्या, घरी बसून बोलू कुणाशी?

घोडपदेवच्या एका चाळीत त्यांची खोली. लग्न झालं नाही, आईचं करता करता राहून गेलं, आणि सहा वर्षांपूर्वी आईही गेली. भाऊ वडाळ्याला असतो. त्याची मुलगी अक्षता महिन्यातून एकदा तोंड दाखवून जाते. चाळीत माणसांची काय कमी, असं आपल्याला वाटतं. पण रीडेव्हलपमेंट येणार येणार म्हणून त्यांच्या मजल्यावरच्या निम्म्या खोल्यांना कुलपं लागलेली आणि उरलेल्या भाड्याने दिलेल्या. भाडेकरू सकाळी दार ओढून जातात ते रात्री येतात. शनिवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की सोमवारपर्यंत आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही, असं त्या एकदा मला म्हणाल्या होत्या. मी तेव्हा डबा पुसत होते. पुसतच राहिले.

आम्ही दुपारी एकत्र जेवायचो, अकरा वर्षं. ज्या दिवशी त्यांच्या डब्यात सुकट असायची, त्या दिवशी त्या आपणहून खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसायच्या. मी कधी जा म्हटलं नाही. इथेच बसा, असंही कधी म्हटलं नाही.

गेल्या डिसेंबरात त्यांना अठ्ठावन्न पूर्ण होणार होती. आमच्याकडे त्यानंतर दोन वर्षांची मुदतवाढ देता येते, पण ती एचआरच्या मर्जीवर. एचआरचा मुख्य कॉलिन, चौतीस वर्षांचा, दादरच्याच कॅथलिक कॉलनीतला. पोरगा वाईट नाही, फक्त सदा घाईत. नोव्हेंबरात कंपनीला पन्नास वर्षं होत होती. दर वर्षी असले समारंभ हॉटेलात व्हायचे. या वेळी वरून हुकूम आला की ऑफिसातच करा. करणार कोण? कॉलिनने कांताताईंना बोलावलं आणि सांगितलं की हे नीट पार पाडा, मग तुमच्या मुदतवाढीचं बघू.

केबिनमधून बाहेर आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. आजवर असलं काही केलं नाही मॅडम, म्हणाल्या. पण चेहरा असा उजळलेला, की मला हसू आलं. दोन वर्षांचा प्रश्न होता. दोन वर्षं सकाळी उठून कुठेतरी जायचं की नाही, एवढाच.

कॉलिनने सांगितलं होतं, ऑनलाइन फॉर्म पाठवा, कोण येणार, कोण नाही ते त्यात भरून घ्या. कांताताईंना ते पटेना. फॉर्मवर बोलावलेलं माणूस येतं का कधी? त्यांच्या चाळीत महिला मंडळाची वही असायची, आणि वीस वर्षं ती वही यांच्याकडे होती. सभा असो, बारसं असो, चौदा एप्रिल असो, वही घेऊन दारोदार जायचं, तोंडाने सांगायचं आणि घरटी एक सही घ्यायची. सही म्हणजे शब्द. सही करून न येणारा माणूस पुढच्या वेळी दार उघडताना खाली बघायचा. पण अलीकडे चाळीतही ग्रुपवर निरोप टाकतात आणि लोक अंगठा दाखवून मोकळे होतात. वही बंदच पडली होती. इथे मात्र सगळी एकतीस वर्षांची ओळखीची माणसं, असं त्यांचं म्हणणं.

तर बाईंनी स्टेशनरीच्या कपाटातून लांबट वही काढली, पट्टीने रकाने आखले आणि ऑफिसभर फिरल्या. आठवडाभर. प्रत्येकाच्या टेबलाशी उभं राहायचं, त्याचा फोन संपेपर्यंत थांबायचं, मग कार्यक्रम सांगायचा, शुक्रवार, चार वाजता, यायचं हां, आणि सही. लोकांनी सह्या ठोकल्या. कुरिअरच्या कागदावर करतात तशाच.

मीही केली. खोटं कशाला बोलू, मी वर बघितलंसुद्धा नाही. दिवसाला चाळीस व्हाउचरवर सही करते मी, त्यात एक ही. एवढं मात्र विचारलं, की शुक्रवारी तर निम्मं ऑफिस घरून काम करतं, मग? दिल्लीच्या मोठ्या साहेबांना तोच दिवस मोकळा होता म्हणे. येतील हो एक दिवस, त्या म्हणाल्या, मी स्वतः सांगितलंय ना. सह्या झाल्या एकशे सव्वीस. त्या आकड्यावर त्यांनी सगळं ठरवलं, खुर्च्यांपासून लालबागच्या केटररकडच्या कोथिंबीर वड्यांपर्यंत.

शुक्रवार उजाडला. मी घरीच होते. सासूबाई झोपल्या होत्या, नवरा शिवाजी पार्कात त्याच्या मित्रांकडे. आठवड्यात मला तेवढीच एक शांत दुपार मिळते. जावं असं मनात आलं होतं, नाही असं नाही. मग म्हटलं, सव्वाशे लोकांत माझी काय कमी जाणवणार? गाऊनवर बसले होते, साडी कोण नेसणार, टॅक्सी कोण शोधणार. चार वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. कांताताई. मी बघत राहिले. वाजून वाजून थांबला. पाच मिनिटांनी पुन्हा. मग तिसऱ्यांदा. मला वाटलं, माणसं कमी पडली असतील आणि ऑपरेटरच ती, लागली असेल सगळ्यांना फोन लावायला. तिसऱ्यांदा मी फोन उलटा करून ठेवला आणि स्वतःवरच चिडून चहा टाकायला उठले. टॅक्सीने पंधरा मिनिटांचा रस्ता. तेवढ्यात मी दोनदा चहा प्याले.

पुढचं मला सोमवारी दौलतने सांगितलं. दौलत आमचा जुना शिपाई. तो म्हणाला, बाईंनी सभेसारख्या रांगा लावल्या होत्या, समोर टेबल, माइक, पाहुण्यांना गुच्छ. आणि कुणाला उपऱ्यासारखं वाटू नये म्हणून प्रत्येक खुर्चीच्या पाठीला त्या माणसाच्या नावाची चिठ्ठी. स्वतःच्या अक्षरात, वळणदार. आली एकोणतीस माणसं. विमा कंपन्यांचे आठ पाहुणे आले, मोठे साहेब आले. ओळीने रिकाम्या खुर्च्या आणि प्रत्येकीवर नाव. माणूस आला नाही हे एरवी खपून जातं, इथे कोण कोण आलं नाही ते भिंतीवर लावल्यासारखं. पाहुणे आपसात ती नावं वाचत होते. कॉलिन घाईघाईने चिठ्ठ्या काढत सुटला. किती जण येणार होते, असं त्याने दबक्या आवाजात विचारलं, तेव्हा बाईंनी वही उघडून त्याच्यापुढे धरली. त्याला हसू फुटलं, आणि मग ते आवरता येईना.

"तुमची चिठ्ठी पहिल्या रांगेत होती," दौलत म्हणाला. "बाईंच्या बाजूची. ती काही त्यांनी काढू दिली नाही."

तरी भाषणं झाली. बाईंनी सगळं जसंच्या तसं पार पाडलं, कुठे आवाज कापला नाही. पाऊण खाणं उरलं, ते परळला हॉस्पिटलबाहेर बसलेल्या लोकांना वाटलं. त्या सोमवारी दुपारी त्या नेहमीसारख्या माझ्यासमोर बसल्या, डबा उघडला, शेपूची भाजी होती. शुक्रवारचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. फोन सगळ्यांनाच आला होता का, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्यावर फोन न उचलल्याचं कबूल करायची वेळ आली असती.

मुदतवाढ मिळाली नाही. डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी कॉलिनने केक आणला, शाल दिली, सगळे दहा मिनिटं उभे राहिले. ज्याच्या मागे त्या बसायच्या, त्याच रिसेप्शनपाशी. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि साडेपाचला निघाल्या.

मला त्यांच्याकडे जायला दोन महिने लागले. आज जाऊ, उद्या जाऊ. फेब्रुवारीतल्या एका रविवारी गेले एकदाची. दुसरा मजला, कुलपांची रांग ओलांडून तिसरं दार. आत टीव्ही मोठ्याने चालू होता. मला बघून त्यांना काय करू न काय नको असं झालं. टीव्हीचा आवाज कमी केला, पण बंद केला नाही. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली आईचा फोटो. खोली लख्ख, एकाच माणसाची. चहा दिला, चकल्या दिल्या. अक्षता आली होती का विचारलं, तर म्हणाल्या, तिची परीक्षा आहे. मग भाजीचे भाव, मग आमच्या नव्या रिसेप्शनिस्टबद्दल, सगळं विचारून झालं. बोलताना त्यांचा आवाज मध्येच फाटायचा आणि त्या खाकरायच्या. बोलायची सवय गेली हो, असं म्हणून हसल्या.

शेवटी मी कप खाली ठेवला. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"कांताताई, त्या शुक्रवारी मी घरीच होते. तुमचा फोन बघितला. तिन्ही वेळा. उचलला नाही."

"माहिती होतं मला," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं फोनच जोडले ना. घंटा कुणापर्यंत पोचत नाही आणि कोण वाजू देतं, ते कळतं."

मग मी जे पुटपुटले ते आठवलं की अजून लाज वाटते. म्हटलं, मला वाटलं तुम्ही सगळ्यांनाच करताय, कुणीतरी येईलच.

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने बघितलं.

"सगळ्यांना कशाला करू? सही करून जे आले नाहीत त्यांच्या मागे लागणं बरं दिसतं का?" त्या म्हणाल्या. "नोकरी काय, गेलीच होती तेव्हा. ते समोर दिसतच होतं. फक्त वाटलं, सगळे बघतायत तर आपलं एक माणूस शेजारी बसलेलं असावं. एकशे सव्वीस नावं होती वहीत, मॅडम. मी फोन एकट्या तुम्हालाच केला होता."